मूकपटात कुत्र्याचं रडणं ‘ऐकवणारे’ कलामहर्षी बाबूराव पेंटर

मोबाइलवर फोटो काढताना चेहऱ्यावर जास्तीत जास्त उजेड कसा येईल, हेच आपण बहुतेक वेळा बघतो. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडायचा. चित्रातला कुठला भाग अंधारात ठेवायचा?

त्या माणसाचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घराणं हरहुन्नरी कारागिरांचं. चित्रकला आणि शिल्पकला बाबूराव स्वतःच शिकले. आतेभाऊ-मामेभाऊ म्हणा की सख्खे भाऊ म्हणा, इतकं जवळचं नातं असलेल्या आनंदरावांसोबत ते संगीत नाटकांचे पडदे रंगवू लागले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं.

सावलीचं महत्त्व त्यांना कळलं ते या पडद्यांमुळेच. कापड सपाट असतं. त्यावर राजवाड्याचा खांब गोल दिसायला हवा, तर त्याची एक बाजू गडद करावी लागते. समोरून सगळीकडे सारखा उजेड पडला की वस्तू चपटी दिसते. उजेड एका बाजूने आला, तर दुसऱ्या बाजूला सावली पडते आणि वस्तूला खोली येते. फ्लॅश मारून काढलेला चेहरा आणि खिडकीशेजारी बसवून काढलेला चेहरा वेगळे दिसतात, ते याच कारणामुळे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आल्यावर दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये तो कॅमेरा पूर्ण केला. तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा करून दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी चालू झाली.

१९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की ते दृश्य कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

त्या काळी शूटिंग व्हायचं ते सूर्यप्रकाशात. ऊन कापडाने गाळायचं, नाहीतर परावर्तकाने वळवायचं. पण तानाजीची लढाई तर रात्रीची! म्हणून १९२३ च्या ‘सिंहगड’साठी बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले. दिवा हाती आला आणि अंधार कुठे ठेवायचा हेही दिग्दर्शकाला ठरवता येऊ लागलं.

याचा कस लागला १९२५ मध्ये, ‘सावकारी पाश’मध्ये. कथा नारायण हरी आपटे यांची. खोट्या कागदांच्या जोरावर सावकार शेतकऱ्याची जमीन लुबाडतो आणि तो शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम.

यातलं एक दृश्य खूप गाजलं. मंद उजेडात एक उदास झोपडी दिसते आणि तिथे रडणाऱ्या कुत्र्याची नुसती काळी छायाकृती. कुत्रं रडणं अशुभ, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सिनेमाला आवाज नव्हता, तरी ते रडणं प्रेक्षकापर्यंत पोचलं. कुत्रा लख्ख उजेडात दाखवला असता, तर तो फक्त कुत्राच राहिला असता. 

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी बाहेर पडून ‘प्रभात’ काढली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पण तिथे तयार झालेली नजर ‘प्रभात’सोबत गेली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये अंधारातून रोखलेला राजगुरूचा डोळा आजही सिनेमाचे विद्यार्थी अभ्यासतात.

बाबूरावांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट म्हणून केला. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं. १९२५ च्या मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्या झोपडीतला अंधार आपल्यापर्यंत आला, तो ज्यांनी बघितला त्यांच्या आठवणींतून.