पलटे घोकून कंटाळलात? मग पलुस्करांची गोष्ट वाचा

संध्याकाळी सहाच्या सुमारास जुळे सोलापुरात एक चक्कर मारा. कुठल्या तरी बंगल्याच्या पुढच्या खोलीतून हार्मोनियम ऐकू येतेच. सा रे ग, रे ग म, ग म प... संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आत बसलेले कदाचित तुम्हीच असाल. तुम्हाला युवा महोत्सवात झक्कास नाट्यगीत वाजवायचंय आणि सर आहेत की पलट्यांवरून पुढेच सरकत नाहीत! वैताग येणारच. पण दोस्तांनो, पलट्यांची ही वही तुमच्या हातात यावी म्हणून एका माणसानं सगळं आयुष्य पणाला लावलं. त्यांचं नाव विष्णू दिगंबर पलुस्कर.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. घरात गाणं होतं, पण मुलानं शिकून नोकरी करावी असा साधा सरळ बेत असणार. तो बेत एका फटाक्यानं उधळला. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि विष्णूची नजर कायमची अधू झाली. शाळा सुटली. आता या मुलाचं करायचं काय?

मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. बुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे गुरू. तेव्हा ना क्लास, ना छापील वही. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू गाईल ते कानात साठवायचं. ऐकलेलं विसरलं तर पुन्हा कधी मिळेल, याची खात्री नाही. म्हणून एकच पलटा शेकडो वेळा घोटायचा. डोळ्यांनी साथ सोडलेल्या त्या पोराला तर कान आणि मेहनत एवढंच भांडवल होतं. अशी जवळजवळ बारा वर्षं गेली.

१८९६ मध्ये विष्णू दिगंबर मिरजेतून बाहेर पडले. एक गोष्ट त्यांना खुपत होती. गाणं ऐकायला सगळ्यांना आवडायचं, पण गवयाला चारचौघांत मान नव्हता. दरबाराची मर्जी असेल तर ताट, नाहीतर वाट! मग त्यांनी राजकोटला तिकीट लावून जाहीर मैफल केली. तिकीट काढेल तो श्रोता. आज यात काही विशेष वाटत नाही, त्या काळी मात्र ते धाडस होतं.

पुढचं धाडस त्याहून मोठं. ५ मे १९०१ रोजी घरापासून शेकडो मैल दूर, लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. फी, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं रीतसर. सांगतात, की सुरुवातीचे दिवस कुणी फिरकलंच नाही. तरी पलुस्कर ठरल्या वेळी तंबोरा घेऊन बसायचे आणि स्वतःच रियाझ करायचे. हळूहळू मुलं आली. पुढे मुलींसाठीही वर्ग निघाले. आता एका गुरूसमोर एक शिष्य नव्हता, वर्गच्या वर्ग होता. त्यासाठी त्यांनी स्वरलिपी तयार केली, ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं काढली. कानातला पलटा असा कागदावर आला.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघालं. तिथं वाद्यं बनवण्या-दुरुस्तीचीही सोय केली. स्वतःची इमारत उभी राहिली, पण कर्जाचा डोंगरही वाढला. शेवटी इमारत लिलावात गेली. आयुष्यभराची कमाई डोळ्यांदेखत हातची गेली. वर जाणकारांची टीका होतीच : वर्गात शिकवून कुठे गवई घडतात का? त्यात तथ्य होतं आणि पलुस्करही ते जाणून होते. त्यांना आधी चांगले ऐकणारे घडवायचे होते. तरीही ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास असे गवई त्यांच्याच तालमीतून निघाले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत ते गेले. इमारत राहिली नव्हती, पण शिष्य होते. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुम्ही देता ना प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद? त्या परीक्षा याच मंडळाच्या.

आता पुन्हा आपल्या हार्मोनियमकडे या. सा रे ग, रे ग म वाजवताना दर वेळी एक पायरी वर चढता, तशी बोटांची जुळणीही बदलते. म्हणूनच तर तो पलटा आहे. आधी संथ लयीत, मोबाइलवरच्या तबल्याबरोबर, सगळे सूर सारख्या वजनाचे येईपर्यंत वाजवा. मगच दुगुण. जमलं असं वाटलं, की तोच पलटा भैरवच्या सुरांत घ्या. रे आणि ध कोमल झाले, की पाठ झालेली बोटं पुन्हा अडखळतात. तिथून खरा रियाझ सुरू होतो.

आणि कधी मिरजेला गेलात, तर सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत जरूर डोकावा. याच गावात एक अधू नजरेचा मुलगा तुमचाच पलटा घोटत बसायचा. त्याच्याकडे वही नव्हती. तुमच्याकडे आहे. उद्या सरांनी पुन्हा पहिल्या पानावर आणलं, तर तोंड वाकडं करू नका!