महिन्याला एक रुपया दंड

शाहू महाराज म्हटलं की आपल्या कोल्हापूरकरांना काय काय आठवतं! राधानगरीचं धरण, खासबागेतलं कुस्तीचं मैदान, शाहूपुरीची गुळाची पेठ आणि अर्थातच १९०२ सालचा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा. यातल्या प्रत्येकावर आपल्या अंकात कधी ना कधी लेख येऊन गेलाच असेल. मला मात्र महाराजांनी बसवलेल्या एका दंडाबद्दल लिहायचं आहे. रक्कम होती फक्त एक रुपया.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे बालमजूर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी लंडन यायचं. वडील कर्जापायी तुरुंगात गेले म्हणून बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स १८२४ साली बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता, हे आम्हाला शिकवलं होतं. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत कामाला ठेवायला बंदी झाली. आपल्या देशात पहिला फॅक्टरी ॲक्ट आला १८८१ साली, आणि त्यात ही वयाची अट होती फक्त सात वर्षं! सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम करून घेणं कायदेशीर होतं.

आता या चौकटीत महाराजांचं बालपण ठेवून बघा. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्माला आले. तीन वर्षांचे व्हायच्या सुमाराला आई गेली. १७ मार्च १८८४ ला ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा वय होतं नऊ वर्षं. त्यांच्यासाठी शिक्षक नेमले गेले, पुढे राजकोटचं राजकुमार कॉलेज झालं, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली अभ्यास झाला. त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी मागत होते, आणि महाराजांच्याच वयाची पोरं त्या गिरण्यांत नऊ-नऊ तास उभी होती. लोखंड्यांसारख्यांच्या धडपडीनंतर १८९१ साली कायदा सुधारला आणि सातचं वय नऊवर आलं. बस, एवढंच.

२ एप्रिल १८९४ ला महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. दोन-तीन वर्षांतच मोठा दुष्काळ पडला. लोकांना पोटाला मिळावं म्हणून दुष्काळी कामं काढली. तिथं कामाला येणाऱ्या बायकांच्या लहानग्यांसाठी त्यांनी शिशुगृहं उघडली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आई मातीची पाटी उचलते तेव्हा तान्ह्याला कोण सांभाळतं? घरातली सात-आठ वर्षांची थोरली पोर. तिला कुणी मजूर म्हणत नाही, तिला पगारही नसतो, पण तिची शाळा मात्र बुडते.

इथंच फॅक्टरी ॲक्टची मर्यादा कळते. आपल्याकडची बहुतेक पोरं गिरणीत नव्हतीच. ती गुरं राखत होती, शेण गोळा करत होती, सावकाराच्या घरी बापाच्या कर्जापायी राबत होती. कारखान्यात इन्स्पेक्टर जाईल, पण गायरानात कोण जाणार? शेतातून पोर बाहेर काढायचं तर एकच उपाय होता. दिवसभर ते दुसरीकडे कुठंतरी असलं पाहिजे, म्हणजे शाळेत.

१९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा सगळ्यांची मुलं शहरात राहून शिकू लागली. पण बोर्डिंगला येणार कोण, तर जो गावातली शाळा शिकला आहे तो. गावात शाळाच नसेल तर? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसं बिल मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. विरोधकांत जमीनदारही होते. पोरं शाळेत गेली तर शेतात कोण राबणार ही त्यांची चिंता! गंमत बघा, गोखल्यांची लहानपणची शाळा कागलची, म्हणजे महाराजांच्याच गावची.

जे ब्रिटिश सरकारने नाकारलं, ते महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात केलं. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. वर्ग भरवायला इमारत नसेल तर देऊळ, चावडी, धर्मशाळा, जे असेल ते वापरायचं. आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड.

यावर माझं आणि माझ्या रूममेटचं बरंच वाजलं. ती म्हणाली, गरिबाला कसला दंड करताय? ज्याच्या घरात खायला नाही त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे? तिचं म्हणणं उडवून लावता येत नाही. त्या काळात एक रुपया म्हणजे मजुराच्या घरात मोठी रक्कम होती. पण मी इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, त्यामुळे मला यात तराजू दिसतो. एका पारड्यात पोराची मजुरी, दुसऱ्यात शाळा. मोफत म्हटल्याने शाळेचा खर्च गेला, गावातच भरवल्याने अंतर गेलं. तरीसुद्धा पारडं मजुरीकडेच झुकत होतं, म्हणून तिथं एक रुपया ठेवला.

शिवाय नुसता दंड लावून महाराज थांबले असते तर माझी मैत्रीण बरोबर ठरली असती. पण १९१८ मध्ये त्यांनी महार वतनं रद्द केली. म्हणजे वतनाच्या नावाखाली अख्ख्या घराला गावाची कामं करावी लागत, ती अट सुटली. वेठबिगारही बंद केली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सगळ्यांबरोबर एकाच शाळेत बसवलं. काही वर्षांतच शेकड्यांनी शाळा उभ्या राहिल्या. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले तेव्हा वयाची ४८ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आज कायदे भरपूर आहेत. १९८६ चा बालमजुरीचा कायदा आहे, त्यात २०१६ मध्ये केलेली दुरुस्ती आहे, शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. तरी २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयाची एक कोटीच्या वर मुलं कामावर होती. जगाचा २०२४ चा अंदाज १३ कोटी ८० लाखांचा आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त आजही शेतीतच आहेत.

मी कळंब्याला राहते. तलाव मागे टाकून गारगोटी रोडनं पुढं गेलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्च झालेली, आणि सोबत पोरं. आईबाप फडात असताना थोरली मुलगी खोपीत धाकट्याला सांभाळते, वाढं गोळा करते, पाणी भरते. दुष्काळी कामावरच्या त्याच पोरीची ही पणती म्हणायला हरकत नाही. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पण प्रत्येक फडाजवळ त्या पोचल्या नाहीत. कायदा म्हणतो घरच्यांना मदत करायला हरकत नाही, पण शाळेची वेळ सोडून. आता शाळा राहिली तिच्या गावात आणि ती इथं, तर तिची शाळेची वेळ कुठली?

बालमजुरीविरोधी दिन असतो १२ जूनला, महाराजांची जयंती २६ जूनला, आणि आपल्या शाळाही जूनमध्येच सुरू होतात. तेव्हा गावोगावचे हजेरीपट भरलेले असतात. खरी हजेरी घ्यायची तर ती नोव्हेंबरात घ्यायला हवी, गावातल्या वर्गात आणि आपल्या उसाच्या फडातसुद्धा. पालकाला दंड करायच्या आधी महाराजांनी गावात शाळा पोचवली होती. हा क्रम आपण विसरलो, तर जयंतीला घातलेल्या हाराचा काही उपयोग नाही.