बाबासाहेब आणि राहण्याची जागा



शिक्षणाच्या काळात ज्या मुलामुलींना एखाद्या कारखान्यात, बँकेत किंवा कचेरीत वर्षभर उमेदवारी करण्यासाठी परक्या शहरी जावे लागते, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न राहण्याच्या जागेचा असतो. एकट्याला भाडे झेपत नाही, म्हणून दोघातिघांनी मिळून खोली घ्यावी लागते. भाडे ठरते, अनामत ठरते आणि मग आडनाव विचारले जाते. आडनाव ऐकल्यावर ती खोली आधीच दुसऱ्याला दिलेली असल्याचे कळते. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांच्या घरचा असेल. म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आज या एका बाजूने तुमच्यापुढे ठेवीत आहे. ते कोठे राहिले, कोणाबरोबर राहिले आणि कोठून त्यांना निघावे लागले, हे नीट पाहिले तर त्यांच्या पुढील कार्याचा अर्थही उलगडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव दापोली, सातारा असे फिरत वडिलांबरोबर मुंबईच्या परळ भागात आले. चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. स्वयंपाक तेथेच, झोपणे तेथेच आणि अभ्यासही तेथेच. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आपण पडत. जागा एकाचीच, पण बापाने ती मुलाशी वाटून घेतली. १९१२ पासून पुढे १९३४ पर्यंत ते परळच्या सुधारणा ट्रस्टच्या चाळीतच राहत होते. जगातील मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळविणारा विद्वान बावीस वर्षे चाळीत राहिला, हे लक्षात घ्या.

१९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी होती की, परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी. त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांना जेवण मानवले नाही, म्हणून आठवडाभरात ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहू लागले. तेथे त्यांच्या सोबतीला नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी होते. एकत्र राहण्यात, एकत्र जेवण्यात कोणी जात विचारली नाही. आपण माणसासारखे माणसांत राहू शकतो, याचा रोजचा अनुभव बाबासाहेबांना प्रथम त्या परक्या देशात मिळाला.

पुढे काय घडले ते ऐका. १९१६ साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. महालेखापालांच्या कचेरीत त्यांची नेमणूक उमेदवार म्हणून झाली. अनुभव घेऊन पुढे मोठ्या हुद्द्यावर जावे, अशी महाराजांची इच्छा होती. काम हाती होते, पण राहावे कोठे? हिंदू खाणावळी त्यांना घेणार नव्हत्या. शहरातील दोन मित्र आठवले, परंतु त्यांच्या घरी गेल्यास त्यांची अडचण होईल, असे मनात आले. शेवटी त्यांनी पारशी धर्मशाळा गाठली. व्यवस्थापकाने दीड रुपया रोजावर जागा दिली, मात्र वहीत पारशी नाव लिहावे लागले. अर्थशास्त्राचा हा पंडित वरच्या मजल्यावर अडगळीच्या दालनाशेजारच्या लहानशा खोलीत कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात राहू लागला. बोलायला कोणी नव्हते. सकाळी दहाला कचेरीत जायचे आणि जमेल तितका वेळ बाहेर काढून रात्री परतायचे, असा क्रम चालू झाला. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता, पण निर्णय लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघण्याच्या तयारीत असताना दहाबारा पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून वर आले. त्यांनी धर्मशाळा बाटविल्याचा आरोप केला. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, पण संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम झाला. आता त्या दोन मित्रांकडे जाण्यावाचून मार्ग उरला नाही. हिंदू मित्राला फार वाईट वाटले, परंतु आपण जागा दिली तर नोकर घर सोडून जातील, असे त्याने सांगितले. ख्रिस्ती मित्राने बायको दुसऱ्या दिवशी येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे म्हटले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. नवरा उदार झाला होता, पण बायकोचे सोवळे सुटले नव्हते. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

वाचकहो, या प्रसंगातून केवळ हिंदूंना दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. न्यूयॉर्कला एका पारशाने आयुष्यभराची मैत्री दिली, आणि बडोद्याला दुसऱ्या पारशांनी काठ्या उगारल्या. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या साह्याबरोबर याच भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. म्हणजे प्रश्न धर्माच्या नावाचा नव्हता. धर्म बदललेल्या घरातही जात शिल्लक राहू शकते, हे बाबासाहेबांनी त्या ख्रिस्ती मित्राच्या दारात पाहिले.

लंडनला ते अत्यंत काटकसरीने राहिले. खाणावळीतील अपुऱ्या जेवणावर दिवस काढून रात्री उशिरापर्यंत वाचीत. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे जे घर त्यांच्या वास्तव्याने ओळखले जाते, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. ते स्वदेशी परतले, १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि १९२५ साली या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. वसतिगृहाचा विचार इतक्या लवकर का झाला? शहरात राहायला जागा नसेल तर खेड्यातील मूल शाळेपर्यंत पोहोचतच नाही, हे त्यांना ठाऊक होते. पुढे त्यांनी लिहिलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने हॉटेल, धर्मशाळा, वसतिगृह यांत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. परंतु घरमालक जातीचे नाव तोंडाने घेत नाही, तो दुसरे कारण सांगतो. कायद्याचा हात तेथे सहज पोहोचत नाही.

तेथे धम्माचे काम सुरू होते. विनयपिटकात शयनासनाचा, म्हणजे भिक्खूंच्या राहण्या-झोपण्याच्या जागेचा स्वतंत्र विभाग आहे. उत्तम आसन कोणाला द्यावे, असे भगवंतांनी विचारले तेव्हा कोणी क्षत्रियाचे, कोणी ब्राह्मणाचे नाव घेतले. भगवंतांनी ते मानले नाही. प्रव्रज्येत जो ज्येष्ठ त्याचा मान, असा नियम त्यांनी घातला. म्हणून न्हाव्याच्या घरात जन्मलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांनी वंदन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला जी दीक्षा दिली, तिच्यातील सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा याच परंपरेतील आहे. बडोद्याला छपरासाठी ज्यांना दुसऱ्याचे नाव लिहावे लागले, त्यांनी लाखो लोकांना उघडपणे सांगता येईल असे नाव दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता स्वतःला विचारा. तुमच्यापैकी कित्येकांनी शहरात घरे बांधली आहेत. खोली मागायला आलेल्या मातंग, चर्मकार किंवा भटक्या जमातीच्या मुलाला तुम्ही काय उत्तर देता? आपल्याच माणसाला जागा देताना पूर्वीची पोटजात विचारीत नाही ना? विचारीत असाल, तर त्या ख्रिस्ती मित्राच्या घरात आणि तुमच्या घरात काय फरक राहिला?

उमेदवारीला निघालेल्या मुलामुलींनो, तुम्ही आडनाव लपवू नका. आधी गेलेल्या मुलांना भेटा, विहारात चौकशी करा, दोघेतिघे मिळून जागा शोधा आणि जागा मिळाली की पुढच्या वर्षी येणाऱ्यासाठी तिचा पत्ता ठेवा. आणि ज्यांच्याकडे एक खोली जास्त आहे, त्यांनी यंदा ती एखाद्या विद्यार्थ्याला जात न विचारता द्यावी. वर्षावासात ग्रंथवाचन होईलच. त्याच्या जोडीला एवढे केले, तर बडोद्याच्या बागेत बसलेल्या त्या तरुणाला आपण आपल्या घरी जागा दिल्यासारखे होईल.

जय भीम!