वीजदरांवर सरकारी अंकुश मागणारा वीजसम्राट

सॅम्युअल इन्सल यांचा जन्म 1859 मध्ये लंडन येथे झाला. 1881 मध्ये थॉमस एडिसन यांचे खासगी चिटणीस म्हणून ते अमेरिकेत आले आणि 1892 मध्ये शिकागो एडिसन या तेव्हाच्या लहानशा कंपनीचे अध्यक्ष झाले.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नसे, हे या धंद्याचे मूळ दुखणे होते. संध्याकाळच्या दिव्यांसाठी उभारलेली यंत्रे उरलेला दिवस जवळजवळ रिकामी राहत. कर्जाचे व्याज मात्र चोवीस तास चढे. 1894 मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे इन्सल यांना आर्थर राइट यांच्या मीटरचा परिचय झाला. ग्राहकाची सर्वाधिक मागणी किती चढली, हे ते मीटर नोंदवी. आजच्या कारखान्यांच्या बिलातील मागणी आकाराचे मूळ याच विचारात आहे. पुढे दिव्यांच्या वेळेबाहेरही वीज लागणाऱ्या ट्राम व उन्नत रेल्वे कंपन्यांना इन्सल यांनी इतका कमी दर देऊ केला, की स्वतःची वीजघरे चालवणे त्यांना परवडेना.

मोठ्या ग्राहकाला स्वस्त आणि घरगुती ग्राहकाला महाग, असे का? मोठ्या वापरामुळे यंत्रांचा खर्च अधिक युनिटांवर विभागला जाऊन सर्वांचेच दर उतरतात, हे त्यांचे उत्तर. ते खोटे नव्हते. पण तो हिशेब तपासणार कोण? 1898 मध्ये वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदावरून इन्सल यांनीच सुचवले, की कंपनीला तिच्या क्षेत्रात मक्तेदारी द्यावी आणि खर्च व वाजवी नफा पाहून दर सरकारने ठरवावेत. यात परोपकार फारसा नव्हता. परवान्यांसाठी नगरसेवकांची मनधरणी आणि नगरपालिकांच्या मालकीचे संकट, दोन्ही त्यांना टाळायचे होते. तरीही व्यवसायबंधूंना ही सूचना रुचली नाही. 1907 मध्ये विस्कॉन्सिन व न्यूयॉर्क राज्यांनी नियामक आयोग नेमले. इलिनॉयचा कायदा 1913 मध्ये झाला.

मग इन्सल यांनी स्वतःच त्या व्यवस्थेला डाग लावला. 1926 मध्ये इलिनॉयच्या आयोगाचे अध्यक्ष फ्रँक स्मिथ सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा ज्यांचे दर तो आयोग ठरवी त्या इन्सल यांनी त्यांना सव्वा लाख डॉलरहून अधिक निधी दिला. स्मिथ निवडून आले, पण सिनेटने त्यांना आसन नाकारले.

1932 मध्ये इन्सल यांच्या धारक कंपन्यांचा मनोरा कोसळला आणि असंख्य लहान भागधारक बुडाले. 1934 च्या खटल्यात ते निर्दोष सुटले. पुढच्याच वर्षी संसदेने अशा धारक कंपन्यांना कायद्याने आवर घातला. 16 जुलै 1938 रोजी पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.