हॉगसाहेबांचं झाड

ह्यूस्टनला दिवाळी जवळ आली की आमच्या मागच्या अंगणात टपटप आवाज सुरू होतो. शेजारच्या आजींच्या पिकानची एक फांदी कुंपणावरून आमच्याकडे आली आहे. मी अमेरिकेत आलो तेव्हा पिकान म्हणजे अक्रोडाचा लांबट चुलतभाऊ, एवढंच माझं ज्ञान होतं. हा टेक्सासचा राज्यवृक्ष आहे आणि त्यामागे एका गव्हर्नरची शेवटची इच्छा आहे, हे आजींकडून कळलं. मग काय, वीकएंडला वाचत बसलो.

जेम्स स्टीफन हॉग यांचा जन्म २४ मार्च १८५१ चा, पूर्व टेक्सासात रस्क गावाजवळचा. वडील यादवी युद्धात दक्षिणेकडचे जनरल. १८६२ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी आई गेली. १२ व्या वर्षी पोरका झालेला जिम छापखान्यात कामाला लागला. पुढे त्याने स्वतःची वर्तमानपत्रं काढली. शेरीफला मदत केली म्हणून गुंडांनी पाठीत गोळी घातली, त्यातूनही तो वाचला. १८७५ मध्ये जिम वकील झाला.

१८९१ मध्ये हॉगसाहेब गव्हर्नर झाले, टेक्सासच्याच मातीत जन्मलेले पहिले. तेव्हा रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे दर मनाला येतील तसे लावत आणि शेतकरी भरडला जाई. साहेबांनी रेल्वे कमिशन नेमून त्यांना वेसण घातली. पण त्यांच्याच कारकिर्दीत, त्याच १८९१ मध्ये, कृष्णवर्णीयांना रेल्वेत वेगळे डबे सक्तीचे करणारा कायदाही झाला. हे वाचताना मी जरा थांबलो. झुंडीने माणसं जाळणाऱ्यांविरुद्ध ते १८९३ मध्ये कडक बोलले, हेही खरं. मोठ्या माणसाचं चरित्र वाचायचं तर सगळंच वाचावं.

१९०५ च्या जानेवारीत रेल्वेच्याच अपघातात ते जखमी झाले आणि पुन्हा पूर्ण बरे झाले नाहीत. २ मार्च १९०६ च्या रात्री, इथेच ह्यूस्टनमध्ये, मुलगी आयमाजवळ ते बोलले: माझ्यावर दगडी स्मारक नको. डोक्याशी पिकान लावा, पायाशी अक्रोड. फळं धरली की ती साध्यासुध्या लोकांना पेरायला वाटा. सकाळी ते झोपेतच गेले. वय अवघं ५४. ऑस्टिनला त्यांच्या कबरीपाशी झाडं लागली आणि १९१९ मध्ये विधिमंडळाने पिकानला राज्यवृक्ष केलं.

आता गंमत बघा. बी पेरलेलं पिकान आईच्या गुणाचं निघेलच असं नाही. म्हणून बागायतदार कलमं करतात. शिवाय बियांच्या झाडाला फळ धरायला दहाएक वर्षं सहज जातात. आमच्या धंद्यात असा प्रोजेक्ट कोणी मंजूर करणार नाही! पण साहेबांनी मागितलं ते हेच. स्वतःला न मिळणारं फळ.

इथे पिकान पाय थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर हवाच. २०१३ पासून तो टेक्सासचा अधिकृत पायही आहे. आमच्या आईला अंड्याचा पाय चालत नाही, म्हणून गेल्या वर्षी तिने आजींचे पिकान फोडून गुळाची चिक्की केली. आजींनी पाय दिला, आम्ही चिक्की दिली. दोघी खूश.

मी दोनच वर्षांसाठी म्हणून इथे आलो होतो. अंगणात मोठं झाड लावायचं म्हटलं की हात अडायचा. परत जायचंच आहे, मग कशाला? म्हणून इतके दिवस कुंडीतल्या तुळशीवर आणि कढीपत्त्यावर भागवलं. या थंडीत मात्र नर्सरीतून पिकानचं कलम आणायचं ठरवलंय. मुलीने जागाही शोधून ठेवली आहे. फळ धरेल तेव्हा आम्ही कुठे असू, माहीत नाही. पण टपटप आवाज ऐकायला त्या घरात कोणीतरी असेलच की!