डेव्हिड ससून

डेव्हिड ससून (ऑक्टोबर १७९२, बगदाद – ७ नोव्हेंबर १८६४, पुणे) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे बगदादी ज्यू व्यापारी व दानशूर गृहस्थ होते. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय यांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाबाहेर ठेवून हस्तव्यवसाय शिकवणाऱ्या मुंबईतील निवासी संस्थेलाही त्यांचेच नाव आहे.

जीवन व व्यापार

त्यांचे वडील सालेह ससून हे बगदादच्या पाशांचे खजिनदार होते. दाऊद पाशाच्या राजवटीत ज्यूंचा छळ वाढल्यामुळे डेव्हिड यांनी बगदाद सोडले. इराणमधील बुशहर बंदरात काही काळ राहून ते १८३२च्या सुमारास सहकुटुंब मुंबईत आले. कापूस, कापड व अफू यांच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. मुलांना चीनसह निरनिराळ्या ठिकाणी पाठवून त्यांनी पेढीचा विस्तार केला. १८५३ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्यांच्या दानधर्मामागील संपत्तीचा मोठा भाग चीनला जाणाऱ्या अफूतून आला होता. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा विरोधाभास विचारात घ्यावा लागतो.

सुधारशाळा

१८५० मध्ये 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी मुंबईत उद्योगशाळा सुरू केली. त्याच वर्षीच्या उमेदवारीविषयक कायद्याने १० ते १८ वर्षे वयाच्या अनाथ, निराधार अथवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना कारागिरांकडे उमेदवार म्हणून ठेवण्याची तरतूद केली होती. ससून यांच्या देणगीनंतर, १८५७च्या सुमारास, ही शाळा डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारसंस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

प्रौढ कैद्यांच्या सहवासात मूल सराईत गुन्हेगार बनते, तर हाती कसब आल्यास ते प्रामाणिकपणे पोट भरू शकते, हा अशा शाळांमागील विचार होता. मात्र शाळा ही बंदिवासाचीही जागा होती. १८९७च्या सुधारशाळा अधिनियमानुसार १५ वर्षांखालील अपराधी मुलग्याला ३ ते ७ वर्षे शाळेत ठेवता येत असे. ज्या चोरीबद्दल प्रौढाला काही महिन्यांची कैद होई, तिच्यासाठी मुलाला अनेक वर्षे घरापासून दूर राहावे लागू शके. मुलींना हा अधिनियम लागू नव्हता.

पुढे १९२४च्या मुंबई बालक अधिनियमाने बालन्यायालयांची वाट मोकळी केली आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. माहीम येथील डेव्हिड ससून औद्योगिक शाळा या सोसायटीच्या व्यवस्थापनाखाली आली. आजच्या कायद्यात अशा मुलांना गुन्हेगार न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हटले जाते आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला जातो.

अन्य कार्य व मृत्यू

भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांनी बांधले. पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजेच लाल देवळाचे बांधकामही त्यांनी सुरू केले. ते त्यांच्या निधनानंतर, १८६७ मध्ये पूर्ण झाले. याच आवारात त्यांची समाधी आहे.