कागदावर नसलेल्या कायद्याशी झुंजणारे जॅकी रॉबिन्सन

लिहिलेला कायदा कितीही जुलमी असो, त्याच्याशी लढता येते, हे आम्ही वकिलीत शिकलो. त्याचे कलम दाखवता येते, ते घटनेच्या कसोटीला लावता येते, रद्दही करून घेता येते. पण जो नियम कुठेच लिहिलेला नाही आणि तरीही सगळे निमूटपणे पाळतात, त्याला कोणत्या न्यायालयात खेचायचे? अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये सुमारे साठ वर्षे असाच एक नियम चालत होता. काळ्या माणसाला मोठ्या लीगमध्ये खेळू द्यायचे नाही, हा तो नियम!

१८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर गोऱ्या मालकांनी आपसात ठरवून दारे बंद केली. पुढे बेसबॉलचे सर्वाधिकारी झालेले केनेसॉ माउंटन लँडिस हे पूर्वाश्रमीचे न्यायाधीश. काळ्यांना बंदी करणारा कोणताही नियम, लेखी वा तोंडी, अस्तित्वात नाही, असे या न्यायमूर्तींनी १९४२ साली जाहीर केले. कागदापुरते ते खरेच होते! पण त्यांच्या अमदानीत मोठ्या लीगच्या एकाही संघात एकही काळा खेळाडू आला नाही.

१९१३ साली बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी त्या शहराच्या ब्रुकलिन भागात एबेट्स फील्ड हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. तेथील यजमान ब्रुकलिन डॉजर्स संघात काळा खेळाडू दिसायला पुढची ३४ वर्षे जावी लागली. ते खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन.

३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो गावी, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात जॅकीचा जन्म झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. बाप घर सोडून गेला. आई मॅली हिने १९२० साली पोरांना घेऊन कॅलिफोर्नियातील पासाडेना शहर गाठले आणि गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून त्यांना वाढवले. थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग रौप्यपदक मिळवले. देशाचे नाव उंचावून तो घरी परतला, आणि पासाडेनात त्याच्या हाती आला झाडू. रस्ते झाडण्याचे काम! हे चित्र आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

जॅकी लॉस एंजलिसच्या विद्यापीठात फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ अशा चार खेळांत चमकले. महायुद्धात सैन्यात दाखल होऊन ते लेफ्टनंट झाले. ६ जुलै १९४४ रोजी टेक्सासच्या कॅम्प हूड छावणीत सैन्याच्या बसमध्ये चालकाने त्यांना मागे जाऊन बसण्यास फर्मावले. रॉबिन्सन जागचे हलले नाहीत. परिणामी त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. गंमत पाहा, बसमधल्या जागेचा मुद्दा हळूच बाजूला ठेवण्यात आला आणि वरिष्ठांशी उद्धटपणा व आज्ञाभंग हे आरोप लावले गेले. अन्यायाला विरोध करणाऱ्याला शिस्तभंगाच्या कलमात अडकवायचे, ही युक्ती आम्हा वकिलांच्या चांगल्याच परिचयाची आहे. २ ऑगस्टला ते निर्दोष सुटले.

१९४५ साली रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्यांच्या लीगमधील नामांकित संघात खेळू लागले. त्याच वर्षी डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना हेरले. सारे श्रेय या एका उदार गोऱ्या गृहस्थाला देण्याची प्रथा पडली आहे. रिकी यांचे धाडस आम्ही नाकारत नाही. पण त्याआधी काय घडले होते? वेंडेल स्मिथ आणि सॅम लेसी हे काळे पत्रकार आपल्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे या बंदीवर प्रहार करत होते. लढाईवर काळे तरुण मेले, मग मैदानावर ते का नकोत, हा सवाल उभा राहिला होता. न्यूयॉर्क राज्याने १९४५ सालीच आयव्हज-क्विन कायदा करून नोकरीत वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली होती. रिकी स्वतः कायद्याचे पदवीधर; वारा कुठून वाहतो आहे, हे त्यांना कळत होते. शिवाय काळा प्रेक्षक तिकीट काढून मैदानावर येईल, हा हिशेबही होताच. लेखणी, कायदा, जनमत आणि व्यापार यांनी मिळून दार ढकलले, आणि मग त्यातून रॉबिन्सन आत शिरले.

रिकी यांनी एक अट घातली. कोणी शिव्या देवो, अंगावर येवो, तीन वर्षे उलट उत्तर द्यायचे नाही. बसमधली जागा न सोडणाऱ्या माणसाला ही अट! रॉबिन्सन यांनी ती मान्य केली, कारण आपण एकदा हात उगारला तर मागच्या साऱ्यांसाठी दार पुन्हा बंद होईल, हे त्यांना ठाऊक होते. १९४६ साली ते डॉजर्सच्या दुय्यम संघाकडून, माँट्रियलकडून खेळले आणि ०.३४९ च्या सरासरीने लीगमध्ये अव्वल ठरले.

मग उजाडला १९४७ चा मोसम. सरावाच्या काळातच डॉजर्सच्या काही गोऱ्या खेळाडूंनी रॉबिन्सन नकोत म्हणून अर्ज फिरवला. तो व्यवस्थापकांनी दडपला. १५ एप्रिल रोजी एबेट्स फील्डवर पहिल्या बेसचे रक्षण करण्यासाठी रॉबिन्सन उतरले. स्टेडियममध्ये २५ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांत काळ्यांची गर्दी मोठी होती. त्या दिवशी त्यांना एकही फटका साधला नाही, पण संघाला आघाडी देणारी धाव त्यांनीच काढली. डॉजर्सनी बोस्टनला ५-३ असे हरवले.

आठवड्यातच, २२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्यांचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू यांनी रॉबिन्सन यांच्या जातकुळीचा उद्धार करणाऱ्या अशा गलिच्छ शिव्या दिल्या की मैदान विटाळले. रॉबिन्सन गप्प राहिले. सामना डॉजर्सनी १-० असा जिंकला आणि ती एकुलती धाव रॉबिन्सन यांची होती. ९ मे रोजी हा संघ फिलाडेल्फियाला गेला तेव्हा हॉटेलने त्यांना जागा नाकारली. बदनामी झाकण्यासाठी चॅपमनसोबत त्यांचे छायाचित्र काढण्यात आले. दोघांनी हात मिळवले नाहीत, मधे एक बॅट धरली! स्पर्श टाळण्याच्या तऱ्हा जगभर सारख्याच असतात. त्याच दिवशी सेंट लुई कार्डिनल्सचे खेळाडू संपाच्या बेतात असल्याची बातमी न्यूयॉर्कच्या हेराल्ड ट्रिब्यूनने फोडली. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी संपकऱ्यांना निलंबनाची ताकीद दिली आणि संप बारगळला.

त्या मोसमात नऊ वेळा त्यांच्या अंगावर चेंडू आदळला. २० ऑगस्टला सेंट लुईच्या एका खेळाडूचा खिळ्यांचा बूट त्यांच्या पायावर पडला. त्यांनी उत्तर दिले ते खेळातून. १५१ सामने, १२५ धावा, १२ होम रन, ०.२९७ सरासरी. पिचर चेंडू टाकत असताना धावत पुढचा बेस गाठणे याला बेस चोरणे म्हणतात. तसे २९ बेस चोरून ते आपल्या लीगमध्ये पहिले आले. डॉजर्सनी ९४ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले, पुढे अखेरच्या जागतिक मालिकेत यांकीज संघाकडून ते ४-३ असे हरले. घरच्या मैदानावर १८ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. रॉबिन्सन यांचा वर्षाचा पगार होता किमान वेतनाइतका, ५ हजार डॉलर! नवोदित खेळाडूचा पहिलाच पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी लॅरी डोबी, डॅन बँकहेड असे काळे खेळाडू मोठ्या लीगमध्ये आले. पहिला नियम मोडला होता.

या विजयाची किंमतही सांगितली पाहिजे. रिकी यांनी रॉबिन्सन यांच्यासाठी मोनार्क्स संघाला छदामही दिला नाही. नेवार्कच्या संघाच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी भांडून डोबीसाठी १५ हजार डॉलर घेतले, म्हणून निदान काही मिळाले. चांगले खेळाडू निघून गेले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले आणि काळ्यांनी स्वतःच्या बळावर उभारलेल्या लीग ओस पडल्या. दार एकेका खेळाडूसाठी उघडले; संस्थांसाठी, मालकांसाठी, व्यवस्थापकांसाठी ते बंदच राहिले.

१९४९ पर्यंत मौनाची मुदत संपली आणि रॉबिन्सन बोलू लागले. पंचांशी वाद घालू लागले, हॉटेलांतल्या भेदभावावर जाहीर टीका करू लागले. त्याच वर्षी ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण ज्यांनी त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गायले होते, त्यांनाच ते आता उर्मट वाटू लागले! येथे आम्हांस दुसरा अलिखित नियम दिसतो. खेळा, पण बोलू नका. हाही नियम त्यांनी मोडला. त्यांच्या चुकाही झाल्या. १९४९ साली संसदीय समितीपुढे पॉल रोबसन यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी त्यांचा वापर झाला. अखेरच्या वर्षांत त्यांनी रोबसन यांच्याविषयी आदर व्यक्त केला.

निवृत्तीनंतर ते नागरी हक्कांच्या चळवळीत उतरले. १९६४ साली हार्लेममध्ये काळ्यांची फ्रीडम नॅशनल बँक उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मधुमेहाने शरीर पोखरले, दृष्टी जवळजवळ गेली, थोरला मुलगा १९७१ साली अपघातात गेला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत त्यांचा सत्कार झाला. शाल-श्रीफळाचा प्रसंग! आभार मानून त्यांनी घरी जावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. पण त्यांनी तेथेही आपल्या समाजाचा माणूस व्यवस्थापक झालेला पाहायचा आहे, असे सुनावले. खेळा, पण नेतृत्व मागू नका, हा तिसरा अलिखित नियम होता. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, ५३ व्या वर्षी ते गेले. पहिला काळा व्यवस्थापक क्लीव्हलँडला १९७५ साली झाला. ते पाहायला रॉबिन्सन नव्हते.

१९८७ साली नवोदितांच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. १९९७ साली त्यांचा ४२ हा क्रमांक सर्व संघांनी निवृत्त केला. सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारावर असलेले न्यायमूर्ती लँडिस यांचे नाव मात्र २०२० साली पुसले गेले. इतिहासाचा हा निकाल उशिरा लागला, पण लागला.

आता दरवर्षी १५ एप्रिलला सारे खेळाडू ४२ क्रमांक पाठीवर मिरवतात. तो सोहळा जरूर व्हावा. पण आमचे म्हणणे इतकेच आहे की, शिव्या गिळणाऱ्या १९४७ च्या रॉबिन्सनचे पूजन करणे सोपे असते. बसमधली जागा न सोडणारा आणि सत्काराच्या मंचावरून हक्क मागणारा रॉबिन्सन पचवणे कठीण असते. त्यांचे मौन हा स्वभाव नव्हता, ती ठरलेल्या मुदतीची लढाई होती. शोषितांच्या महापुरुषांमधला नेमका सोशिक तुकडा तोडून घेऊन त्याला हार घालणारे सर्वत्र आहेत. आपण माणूस अख्खा लक्षात ठेवावा.